फ्रिजमध्ये न मावणारं फळ

कलिंगड घरी आलं की पहिला प्रश्न पडतो तो ठेवायचं कुठे हा. आंबे पेटीत राहतात, केळ्यांना एक खिळा पुरतो, द्राक्षं चाळणीत मावतात. कलिंगडाची सोय मात्र कुठल्याच घरात केलेली नसते. ओट्यावर ठेवलं तर गडगडायला बघतं. फ्रिजमध्ये घालायचं तर भाज्यांचा ड्रॉवर रिकामा करा, मधली जाळी काढा, दुधाच्या पिशव्या दारात कोंबा, आणि एवढं करूनही दार बोटभर उघडंच राहतं. शेवटी ते स्वयंपाकघरात जमिनीवर, भिंतीला टेकून बसतं. येता-जाता त्याला पाय लागतो आणि हात आपोआप कपाळाकडे जातो. दुसऱ्या कुठल्याही फळाला आपण दिवसातून इतक्या वेळा नमस्कार करत नाही.

आमच्या ट्रॉम्बेत उन्हाची चाहूल लागते तीच कलिंगडांनी. मानखुर्दकडून आत वळलं की रस्त्याच्या कडेला पेंढा अंथरलेला दिसतो आणि त्यावर काळपट हिरवे ढीग. एका अंगाला खताचा कारखाना, पलीकडे माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांची धुराडी, मागे अणुसंशोधन केंद्राची टेकडी आणि पुढे खाडी. ट्रॉम्बे एके काळी बेटच होतं; अजूनही तीन अंगांना पाणी आहे. पण या पाण्याचा उन्हाळ्याला काही धाक वाटत नाही. दुपारी खाडीवरून वारा येतो तो इतका ओला असतो की घाम वाळवायचं सोडून त्यात भरच घालतो. विदर्भातली माणसं आमच्या तापमानाचे आकडे ऐकून हसतात. हसू देत. त्यांचं ऊन अंगाला चटका देऊन बाजूला होतं, आमचं अंगाला चिकटून घरात येतं.

ढिगाशी बसलेला माणूस एकेक फळ उचलून टिचकी मारतो, मान तिरकी करून ऐकतो आणि बहुधा पहिलंच उचललेलं आपल्या हातात देतो. "ताई, एकदम लाल. खाप काढून दाखवतो. फिकं निघालं तर पैसे देऊ नका." सुरीचे तीन वार, एक त्रिकोणी खुंटी बाहेर, आतला लाल रंग क्षणभर उन्हात, आणि खुंटी पुन्हा जागच्या जागी. त्या टिचकीच्या आवाजातून मला आजवर काहीही कळलेलं नाही. मी बघते तो पिवळा डाग. वाढताना फळ जमिनीला जिथे टेकलेलं असतं तिथे साल हिरवी होत नाही. तो भाग लोण्यासारखा पिवळट असला तर फळ वेलावर पुरतं पिकलं असं समजायचं, पांढराफटक असला तर घाई झाली. शेतकरी याहून पक्की खूण जाणतात. देठाजवळचा वळलेला तंतू वाळला की तोडणीला हरकत नाही. पण तो तंतू शेतातच राहतो, शहरात येतो तो फक्त डाग.

कोकणात भात निघाल्यावर रिकाम्या झालेल्या खाचरांत कलिंगडं लावतात, देशावर नदीच्या कोरड्या पात्रात वाळूत वाड्या करतात. दोन्हीकडे गंमत तीच: जिथे पाणी सरत आलं तिथे हे फळ पाण्याने भरतं. ते मूळचं आफ्रिकेतलं, रखरखीत मुलखातलं. इजिप्तच्या तुतनखामेनच्या थडग्यात त्याच्या बिया सापडल्या आहेत. मेलेल्या राजाबरोबर सोनंनाणं ठेवलं ते समजू शकतं, पण पुढच्या प्रवासात तहान लागेल हाही विचार कुणीतरी केला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

घरात फ्रिज येण्याआधी कलिंगडाची जागा ठरलेली असे: न्हाणीघरातली बादली. सकाळी नळाला पाणी आलं की आई ते बादलीत सोडायची आणि वर ओलं गोणपाट टाकायची. दिवसभरात पाय धुवायला गेलेलं प्रत्येक पोर त्याला एकदा तरी तळाशी दाबून बघे आणि ते हट्टाने वर येई. संध्याकाळी गॅलरीत जुनी वर्तमानपत्रं पसरायची. कापायचं काम वडिलांचं. एरवी सुरीला हात न लावणारी पुरुष माणसं कलिंगड कापायला मात्र आपण होऊन पुढे येतात, हे मी अनेक घरांत पाहिलंय. पहिला वार, तो कर्रर्र आवाज, आणि मग रंगाबद्दल सगळ्यांचं एकाच वेळी बोलणं. मधला बिनबियांचा गाभा कुणाला मिळणार यावरून जी भांडणं व्हायची त्यांत घरातल्या माणसांचे खरे स्वभाव दिसत.

मग ताटल्या भरून शेजारी जात. वरच्या मजल्यावरच्या तमिळ मामी, समोरचे बंगाली काका, जिन्याखाली बसणारा पहारेकरी. आमच्या कॉलनीत देशभरातली माणसं होती आणि कलिंगड कुणालाच परकं नव्हतं. शेजारधर्म वगैरे शब्द नंतर सुचले. तेव्हा कारण एवढंच होतं की कापलेलं कलिंगड सकाळपर्यंत टिकलं नसतं.

फ्रिज आला आणि ते टिकायला लागलं. गोदरेजने १९५८ साली देशी बनावटीचा पहिला फ्रिज केला तो इथून जवळच, विक्रोळीला. आमच्याकडे तो यायला पुढे बरीच वर्षं गेली. निळसर रंगाचा, एकाच दाराचा, वर बर्फाचा छोटा कप्पा आणि त्या कप्प्याला मोडकं झाकण. फ्रिज आल्याच्या उन्हाळ्यात अर्धं कलिंगड ताट झाकून आत गेलं आणि वरच्या मामींकडे जाणारी ताटली लहान झाली. कुणी ठरवून केलं नाही. उद्यासाठी ठेवता येतं म्हटल्यावर माणूस ठेवतो.

पुढे तर फळानेच फ्रिजपुढे हार मानली. आज बाजारात शुगर बेबी जातीची गोल, गर्द सालीची आटोपशीर कलिंगडं दिसतात, ती जात मूळची अमेरिकन. तिकडे या लहान फळांच्या जाती बर्फाच्या पेटीत मावतील अशा बेताने लोकांनी पसंत केल्या. आपल्याकडे त्यात लांबट, छोट्या उशीएवढ्या जातींची भर पडली. लहानपणी दोघांनी मिळून उचलायचं ते पट्ट्यापट्ट्यांचं कलिंगड आता क्वचित भेटतं. मॉलमध्ये तर अर्धं किंवा पाव कलिंगड पारदर्शक प्लास्टिकमध्ये गुंडाळून मिळतं, वजनाची चिठ्ठी लावून. एकट्या माणसाची सोय आहे, मान्य. पण कलिंगड कापायचं आणि आत काय निघेल ते बघायचं, यातली अर्धी मजा त्या दुकानदाराने आधीच खाऊन टाकलेली असते.

घरी कलिंगडाच्या गोठवलेल्या कांड्या करायचा उद्योग आमच्याकडे कुणाच्या हौसेतून सुरू झाला नाही. तो संशयातून सुरू झाला. शाळेबाहेर गोळेवाला उभा राही. उलट्या रंध्यावर बर्फाची लादी घासायची, खाली पडलेला किस मुठीत दाबायचा, त्यात काडी खुपसायची आणि वर बाटल्यांतले भडक रंग. काला खट्टा, ऑरेंज, आणि एक हिरवा, जो कुठल्याच फळाचा नव्हता. आजोळी सातारा जिल्ह्यात सायकलच्या कॅरिअरला लाकडी पेटी बांधून गारेगारवाला यायचा. तो आला की आम्ही पळत सुटायचो आणि मागून आजीचा आवाज यायचा, "घसा धरेल रे!" इकडे आईचा प्रश्न वेगळा असे: "पाणी कुठलं असतं ते?" या प्रश्नाला मुंबईत कुणाकडेच उत्तर नव्हतं. म्हणून मग घरचं पाणी. आणि पाणीच नको म्हणून कलिंगड.

आईचा संशय अगदीच वायफळ नव्हता. आमच्या कोळीवाड्याच्या धक्क्यावर बर्फ येतो तो लाद्यांनी. गोणपाटात गुंडाळलेली लादी आकड्याने ओढायची, सोट्याने फोडायची आणि चुरा मासळीच्या टोपल्यांत भरायचा. हा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असायचं कारणच नाही. पण लादी दिसायला सारखीच, आणि उन्हाळ्यात सरबताच्या गाड्यांची तहान मोठी, त्यामुळे कुठली लादी कुठे जाते याचा भरवसा नसे. २०१८ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने यावर साधा तोडगा काढला: खाण्याचा नसलेला बर्फ निळा करायचा. एवढ्या वर्षांच्या प्रश्नाला चिमूटभर रंगाचं उत्तर. धक्क्यावरच्या एका मावशींनी शेजारच्या पोराचा हात टोपलीतून मागे ओढताना ऐकवलं होतं, "यो मावऱ्याचा बरफ हाय रं, खावाचा नाय." मला वाटतं, सरकारी आदेशाहून हे सोपं आणि लक्षात राहणारं आहे.

तर कांड्या. कृती सांगण्यासारखी नाही इतकी सोपी आहे, तरी सांगते, कारण जो तो मिक्सर लावतो. मिक्सरमध्ये कलिंगडाला फेस येतो, तो फेस वर तरंगतो आणि गोठल्यावर कांडीच्या एका टोकाला बेचव, पोकळ थर जमतो. शिवाय एखादी बी राहून गेली तर तिचा कडवटपणा सगळ्यात उतरतो. आमच्याकडे पुरणाची चाळण निघते. होळी होऊन गेलेली असते, चाळण अजून माळ्यावर गेलेली नसते, हा तिचा उन्हाळी जोडधंदा. फोडी चाळणीवर घ्यायच्या आणि तळहाताने दाबत फिरवायच्या. रस आणि थोडा रवाळ गर खाली उतरतो, बिया आणि दोरे वर राहतात. कोपरापर्यंत हात लाल होतात. लहान मुलांना हे काम दिलं की ती अर्धा तास शांत बसतात, मग भिंत पुसायला तेवढाच वेळ लागतो.

रसात लिंबू पिळायचं, काळं मीठ चिमटीने, आल्याचा रस अगदी थोडा. आवडत असेल तर भिजवलेला सब्जा. बिया काढायला एवढी मेहनत घेऊन वर पुन्हा काळे ठिपके कशाला, असं आमचे काका दरवर्षी म्हणत, आणि दरवर्षी सब्जाचीच कांडी मागून घेत. साखरेचा प्रश्न नाजूक आहे. ताजं कलिंगड गोडमिट्ट असतं, तेव्हा वाटतं, याला साखर कशाला? पण जिभेला थंडी लागली की तिला गोडी कमी कळते. तोच रस गोठवून खाल्ला तर पाणचट लागतो. म्हणून साच्यात ओतताना तो किंचित जास्तच गोड लागायला हवा. मिठाचंही तसंच: ते खारटपणासाठी घालायचंच नसतं, त्याच्या शेजाराने गोडी उठून दिसते. विकतच्या गारेगारमध्ये साखर का मरणाची असते, ते घरी करायला लागल्यावर कळतं. वितळलेलं आइस्क्रीम पिऊन बघावं, म्हणजे पटेल.

साचे म्हणजे ॲल्युमिनियमचे ते कुल्फीचे शंकू, ज्यांची झाकणं साच्यांपेक्षा नेहमी कमी भरतात. ते संपले की स्टीलचे पेले, मग आमटीच्या वाट्या. काडी लगेच खुपसली तर आडवी पडते. रस कडेने धरायला लागला, मधे लगदा झाला की मग खुपसायची, ती ताठ राहते. एवढ्यासाठी दुपारी फ्रिज सारखा उघडला जातो आणि त्यामुळेच गोठायला आणखी वेळ लागतो, पण घरात मुलं असताना हे थांबवता येत नाही. अमेरिकेत फ्रँक एपर्सन नावाचा ११ वर्षांचा मुलगा १९०५ साली सरबताचा पेला ढवळायच्या काडीसकट रात्रभर ओसरीवर विसरला आणि सकाळी त्याच्या हातात पॉप्सिकल आली, अशी गोष्ट आहे. मोठेपणी त्याने त्याचं पेटंट घेतलं. आमच्या ट्रॉम्बेत ओसरीवर रात्रभर सरबत ठेवलं तर सकाळी त्यात फक्त मुंग्या सापडल्या असत्या. आम्हाला हा शोध लावता आला नाही याला हवामान जबाबदार आहे.

साचा तळहातांत घोळवून, नाहीतर नळाखाली धरून कांडी निघते तेव्हा दरवेळी आधी थोडी निराशा होते. रंग कुठे गेला? रस लालबुंद होता, कांडी फिकी गुलाबी. गोठताना पाणी स्फटिक होऊन वेगळं व्हायला बघतं, साखर आणि रंग त्याच्या फटींत ढकलले जातात, आणि स्फटिकांच्या कडांवर प्रकाश विखुरला की लाल पांढुरका होतो. घरचा फ्रिज सावकाश गोठवतो, म्हणून स्फटिक मोठे. त्यामुळेच जोरात चोखलं की सगळी गोडी एका घोटात येते आणि हातात पांढरा, नुसता बर्फ उरतो. चतुर मुलं चावून खातात, आशाळभूत मुलं चोखतात. मी दुसऱ्या गटात होते.

हा फिका गुलाबी आमच्या ओळखीचा आहे. उन्हाळ्यात ओहोटीच्या वेळी ठाण्याच्या खाडीच्या चिखलात रोहित पक्षी उतरलेले असतात. खाडीचा एक भाग २०१५ मध्ये त्यांच्यासाठी अभयारण्य झाला, २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. लांबून ते तितकेसे गुलाबी दिसत नाहीत, पाण्यावर कुणीतरी रस सांडून पुसून घेतल्यासारखे दिसतात. ती गुलाबी छटा त्यांना जन्मतः मिळालेली नसते. चिखलातलं शेवाळ आणि बारीक जीव खाऊन ती पिसांत उतरते, आणि ते रंगद्रव्य कलिंगडाला लाल करणाऱ्या लायकोपिनच्याच कुळातलं. कारखान्यांच्या धुराड्यांखाली, गावाचं सांडपाणी पोटात घेणाऱ्या या खाडीत एवढा नाजूक रंग तयार होतो, यावर मी अजून पुरता विश्वास ठेवलेला नाही.

थंड खाण्याची मुंबईची हौस जुनी आहे. बोस्टनच्या बाजूच्या तळ्यांतला बर्फ कापून, भुशात गाडून, जहाजाने महिनोन् महिन्यांच्या प्रवासाने इकडे येऊ लागला तो १८३० च्या दशकात. जमशेदजी जीजीभाईंनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं आणि यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाली, त्यावर वर्तमानपत्रातून टोमणे निघाले, अशी हकीकत सांगतात. म्हणजे "घसा धरेल रे" हे वाक्य आजीचं नव्हे, त्याला चांगली जवळजवळ दोनशे वर्षांची परंपरा आहे. फोर्टात जिथे तो परदेशी बर्फ साठवायचं गोदाम होतं, तिथे आज कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे. बर्फाच्या जागी पोथ्या आल्या. दोन्हीला हवा लागू द्यायची नसते.

मध्यमवर्गाच्या घरात आइस्क्रीम आलं ते पॉटमधून. लाकडी बादली, मधे पत्र्याचा डबा, भोवती बर्फ आणि खडेमीठ, आणि फिरवायला दांडा. मीठ मिसळलेला बर्फ शून्याच्या खाली, पार उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतो. हे शास्त्र आम्हाला शाळेत शिकवलं तेव्हा आधीच ठाऊक होतं, कारण दांडा फिरवून हात दुखले होते. मुंबईच्या पूर्व किनाऱ्याला मिठागरांची रांगच होती, तेव्हा खडेमीठ हा काही महागाचा जिन्नस नव्हता. मोठ्या घरांत, लग्नकार्यात पॉट भाड्याने आणत. त्यातही नियम कलिंगडाचाच: एकट्यासाठी पॉट कुणी फिरवत नाही. दहा जणांनी पाळीपाळीने फिरवायचा आणि वीस जणांनी खायचं.

ट्रॉम्बेतल्याच चीता कॅम्पच्या बाजूला गेलं की हे मिळून खाणं अजून दिसतं. आणीबाणीत, १९७६ च्या मे महिन्यात, भर उन्हाळ्यात जनता कॉलनीतल्या हजारो घरांना उठवून खाडीकाठच्या या जागेवर आणून टाकलं. अणुसंशोधन केंद्राला जागा हवी होती. तेव्हा इथे सावली नव्हती, नळ नव्हते. आज दाट वस्ती आहे: तमिळ, मल्याळी, उत्तरेकडचे, मराठी, सगळे. गल्लीत ज्या बाईच्या घरी फ्रिज असतो तिच्या दारावर "बर्फ मिळेल" अशी पाटी असते. पेल्यात गोठवलेला गोल बर्फ, प्लास्टिकच्या नळीतली पेप्सी, कधी दुधाची कुल्फी. रमजान उन्हाळ्याच्या तोंडावर आला की संध्याकाळी गाड्यांवर कलिंगडांचे डोंगर उभे राहतात, आणि दूध, गुलाबी सरबत नि बारीक चिरलेलं कलिंगड घातलेली पातेली भोवती गर्दी जमवतात. उपास सोडणाऱ्यांइतकेच उपास न करणारेही तिथे असतात. फ्रिजने आमच्या कॉलनीत ताटल्या लहान केल्या, आणि इथे त्याच फ्रिजने एका बाईला गल्लीभर ओळख आणि चार पैसे मिळवून दिले. यंत्राला दोष देताना मला ती पाटी आठवते.

सालींचं काय करायचं हा प्रश्न शेवटी उरतोच. कलिंगडाचा बराच बोजा सालीचा. आई हिरवी साल तासून आतल्या पांढऱ्या भागाची कोशिंबीर करायची, किसून थालीपिठात घालायची. कोकणात त्याची धिरडी होतात. बिया राखेने चोळून, धुऊन, वाळवून तव्यावर भाजायच्या आणि दुपारभर दातांनी फोडत बसायचं. रिकामा वेळ घालवायला याहून निरुपद्रवी उद्योग मला ठाऊक नाही. उरलेल्या हिरव्या साली गाईला. गाई गेल्या तेव्हा कचऱ्याच्या डब्यात. इथल्याच केंद्रातल्या शरद काळे यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यापासून वायू करणारं निसर्गऋण हे संयंत्र तयार केलं, त्याचं नाव मला फार आवडतं. जगभर ट्रॉम्बे म्हटलं की लोकांना अणुभट्टी आठवते, १९५६ ची अप्सरा वगैरे. विदर्भातला शेतकरी मात्र टॅग-२४ नावाचा शेंगदाणा पेरतो, त्यातलं पहिलं अक्षर ट्रॉम्बेचं, दुसरं अकोल्याचं. आणि सुफला खताची गोणी त्याच्याकडे पोचते तीही इथल्याच कारखान्यातून. म्हणजे मानखुर्दच्या ढिगातलं एखादं कलिंगड आमच्याच खतावर वाढून, खाडीपूल ओलांडून पुन्हा आमच्याच दारात आलेलं असणं अगदीच अशक्य नाही.

आता आमच्या घरात दोनच माणसं. मुलगी थंड देशात असते. तिच्याकडे कलिंगड बारा महिने मिळतं, चौकोनी फोडी करून, डब्यात. तिला त्यात बियाच नसतात याचं वाईट वाटतं. मला वाटलं होतं तिला बरं वाटत असेल. मी अजून अख्खं कलिंगडच आणते. दोघांना ते संपत नाही हे उघड आहे. पहिल्या दिवशी फोडी, दुसऱ्या दिवशी सरबत, मग चाळण खाली येते आणि फ्रीजर भरतो. आणि मग एक नवीनच अडचण उभी राहते: कांड्या उरतात. फळ टिकवायची सोय झाली पण खाणारी तोंडं टिकवायची सोय फ्रिजमध्ये नसते. तेव्हा जिन्यावरून उतरणाऱ्या मुलांना थांबवावं लागतं. आजची मुलं चटकन हो म्हणत नाहीत, आधी आईला फोन करून विचारतात. त्यांच्या आयांचा प्रश्नही तोच असतो, पाणी कुठलं आहे. मी सांगते, पाणी नाहीच, कलिंगड आहे. मग परवानगी मिळते. एक चावून खातो, एक चोखतो, आणि जिन्यावर पडलेले थेंब मला पुसावे लागतात.

तेव्हा मॉलमधलं प्लास्टिकात गुंडाळलेलं पाव कलिंगड घेऊ नका. मोठं घ्या, हाताला ओढ लागेल असं, पिवळा डाग बघून. मिक्सर लावू नका. जागा नसेल तर न्हाणीघरात बादली आहेच. आणि एप्रिल संपायच्या आत करा; पहिला पाऊस पडला की कलिंगडाची चव उतरते, मग कितीही मीठ घातलं तरी उपयोग नाही.